शेवग्याला इंग्रजीत काय म्हणतात

ज्या माणसामुळे आम्हाला दौंड सोडावं लागलं, त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. मला ते चांगलं आठवतं. पण नाव लिहिलं की माणूस कागदावर का होईना, उरतो, आणि तो कुठेही उरावा अशी माझी इच्छा नाही. सगळे त्याला मॅनेजर म्हणायचे, मीही तेच म्हणते. माझ्या मुलांना वाटतं की इतक्या वर्षांनी मी हे सोडून द्यायला हवं. धाकटी सून तर म्हणाली, आई, तो आता असेल तरी का? नसेल. तो मेल्यानं माझ्यात काही बदल झालेला नाही.

दौंडात आम्ही स्टेशनच्या पलीकडे, यार्डाला लागून असलेल्या आळीत राहायचो. दिवसभर इंजिनांचं शंटिंग चाले. डबे एकमेकांवर आदळले की आमच्या भांड्यांच्या फळीवरचे पेले किणकिणायचे, आणि दोरीवरच्या पांढऱ्या कपड्यांवर कोळशाची काळी तीट बसायची. अम्मा कपडे वाळत घालताना रेल्वेला शिव्या द्यायची, कपडे काढताना पुन्हा द्यायची. ती केंदूरची. गावात मुसलमानांची मोजकी घरं, त्यामुळे तिची बोली अगदी गावासारखी होती, आणि तिचा रागही गावचाच होता, उघडा आणि मोठ्या आवाजातला. अब्बा तिच्या उलट. त्यांचं सगळं तारुण्य गोऱ्या साहेबांच्या बंगल्यात खानसाम्याचं काम करण्यात गेलं होतं. खालच्या आवाजात बोलावं, भांडं आपटू नये, विचारल्याशिवाय मत देऊ नये, हे त्यांच्या अंगात मुरलं होतं. साहेबलोक एकेक करून विलायतेला आणि कुठे कुठे निघून गेले आणि अब्बांकडे त्यांच्या स्वयंपाकघरातलं इंग्रजी तेवढं उरलं. लिहिता-वाचता त्यांना येत नव्हतं. पण कटलेट, स्ट्यू, कस्टर्ड, रोस्ट हे शब्द ते असे म्हणत की मला माझ्या अब्बांचा अभिमान वाटे. मला त्यांनी हायस्कुलात घातलं होतं. आळीतल्या बायकांनी आणि आमच्याच नातलगांनी त्यावरून त्यांना पुष्कळ बोलून घेतलं. ते कुणाशी वाद घालत बसले नाहीत, पण मला शाळेतून काढलंही नाही.

घरात रोजचं जेवण म्हणजे बाजरीची भाकरी, लसणाचा ठेचा आणि डाळ. अम्मा भाकरी थापायला बसली की तिच्या बांगड्यांचा आणि परातीचा एक ठेका लागायचा. तो थांबला की समजायचं, अम्मा काहीतरी बोलणार आहे. अब्बा घरी कधी रांधत नसत. ईदला मात्र मटण तेच करायचे, आणि त्या दिवशी अम्मा चुलीकडे पाठ करून बसायची, कारण ते मसाला भाजताना ती पाहायला लागली की त्यांना हात चालवता येत नाही असं ते म्हणायचे. त्यांच्या भांडणात सगळ्यात गोड भांडण हेच होतं. बाकीची तशी नव्हती.

मी नववीत होते तेव्हा नदीवर एका पुलाचं काम निघालं. कंत्राटदार मुंबईचा होता, तो कधी दिसला नाही. काठावर पत्र्याच्या शेडांचा कॅम्प पडला आणि तिथल्या इंजिनियर लोकांसाठी मेस उघडली. अब्बांना तिथे स्वयंपाक्याची नोकरी लागली. माझा चाचा हसन, अब्बांचा धाकटा भाऊ, पुलावर सळया बांधायच्या कामाला लागला. दोघांनाही कामावर ठेवलं ते मॅनेजरनं, आणि हे तो कधी विसरू देत नसे. कॅम्पातलं सगळं त्याच्या हातात होतं: मजुरांची हजेरी, धान्याची खरेदी, मेसचा बाजार. त्याला आपला मेहुणा मेसवर आणायचा होता. अब्बा बाजारातून आणलेला माल स्वतः तोलून घ्यायचे, ते त्याला अडचणीचं होत होतं. हे हसनचाचानं अम्माला सांगितलं होतं आणि अम्मानं अब्बांना. अब्बा म्हणाले, मी तर नुसता स्वयंपाक करतो.

मेसमध्ये काही जण मांस खाणारे, काही शाकाहारी. अब्बांनी पहिल्या दिवसापासून दोन चुली केल्या होत्या. पातेली वेगळी, पळ्या वेगळ्या, घासायची राखसुद्धा वेगळी. शाकाहारी लोकांत एक अय्यर साहेब होते, मद्रासकडचे. कपाळाला भस्म लावायचे, जाड चष्मा, अंगानं बारीक. बायकापोरं गावी होती. इकडचं जेवण त्यांच्या घशाखाली उतरत नसे. अब्बा त्यांच्यासाठी चिंचेचं पातळ सार करायचे, त्यांनी हातवारे करून सांगितलं तसं. एकदा ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन अब्बांना नमस्कार करून गेले. ती गोष्ट अब्बांनी घरी येऊन आम्हाला पुन्हा पुन्हा सांगितली.

एका शनिवारी अय्यर साहेबांनी मॅनेजरला सांगितलं की उद्या सुट्टीचं जेवण आहे, बाजारात मिळालं तर ड्रमस्टिक आणा. मॅनेजर अब्बांकडे आला आणि म्हणाला, उद्या साहेबलोकांना ड्रमस्टिक पाहिजे, भाताबरोबर खायचंय, दाट रस्सा कर. कोणत्या साहेबाला, ते सांगितलं नाही. अब्बांनी आयुष्यभर गोऱ्यांच्या बंगल्यात ड्रमस्टिक केली होती. ड्रमस्टिक म्हणजे कोंबडीची तंगडी. पावाच्या चुऱ्यात घोळवून तळायची, हाडाच्या टोकाला कागदाची झालर लावायची. रस्स्यात टाकायची हे त्यांना जरा विचित्र वाटलं, पण साहेबलोकांचं खाणं विचित्रच असतं. त्यांनी विचारलं, कोंबड्या किती आणू? मॅनेजर म्हणाला, पुरतील एवढ्या. हे ‘पुरतील एवढ्या’ माझ्या मनातून कधी गेलं नाही. शेंगा मागणाऱ्या माणसाला कुणी कोंबड्या किती म्हणून विचारलं, तर तो काय म्हणेल? तो म्हणेल, कोंबड्या कशाला?

रविवारी दुपारी मेसमध्ये सगळे जेवायला बसले. अब्बांनी अय्यर साहेबांचं सार आणि भाजी शाकाहारी चुलीवर झाकून ठेवली होती. मॅनेजर कधीच वाढायला यायचा नाही. त्या दिवशी तो स्वतः खिडकीशी आला, वाढणाऱ्या नोकराला लिंबं आणायला पाठवलं आणि रस्स्याचं भांडं उचललं. अब्बा म्हणाले, अय्यर साहेबांचं निराळं ठेवलंय. तो म्हणाला, ठाऊक आहे मला. आत जाऊन त्यानं अय्यर साहेबांच्या भातावर आपल्या हातानं रस्सा ओतला आणि म्हणाला, साहेब, तुमची ड्रमस्टिक. त्या माणसाला आपल्या घरचं जेवण मिळाल्यासारखं झालं असणार. त्यांनी भात कालवून खाल्ला. रस्सा दाट, मसाल्यानं काळपट झालेला. मग चोखायला म्हणून शेंग उचलली, तर हातात हाड आलं.

पुढचं अब्बांनी आम्हाला कधी नीट सांगितलं नाही. हसनचाचानं सांगितलं. अय्यर साहेब बाहेर जाऊन ओकले, पुन्हा पुन्हा ओकले, आणि ओरडत होते की मी भाजी मागितली होती, ड्रमस्टिक ही भाजी आहे. मजूर जमा झाले. मॅनेजरनं अब्बांना सदऱ्याला धरून बाहेर ओढलं आणि सगळ्यांसमोर थोबाडीत मारली. तो म्हणाला की यानं जाणूनबुजून ब्राह्मणाला बाटवलं. अब्बांचं वय तेव्हा चाळिशीच्या पुढे होतं. त्या वयापर्यंत त्यांना कुणी मारलं नव्हतं, गोऱ्यांनीसुद्धा.

ते दुपारीच घरी आले आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. अम्मानं विचारलं तर म्हणाले, ड्रमस्टिक मागितली, मी ड्रमस्टिक केली. याहून जास्त काही बोलेनात; रात्री हसनचाचानं खोदून विचारलं तेव्हा मॅनेजरशी काय बोलणं झालं आणि भांडं कुणी नेलं, तेवढं सांगितलं. संध्याकाळपर्यंत ती गोष्ट दौंडभर झाली होती, आणि पसरता पसरता कोंबडीचं गाईचं मटण झालं होतं. सोमवारी दूधवाल्यानं आमच्या दारात भांडं घेतलंच नाही, तो सरळ पुढे गेला. शाळेत माझ्या बाकावरच्या मुली सरकल्या. त्या फक्त सरकल्या, आणि माझ्या बाजूला एका माणसाची जागा मोकळी राहिली. मी आजही कुठे बसले आणि शेजारचं माणूस साधं पाय मोकळे करायला उठलं, तरी मी विचारते, का उठलात?

शाळेच्या कपाटात एक मोठा इंग्रजी शब्दकोश होता. मी मधल्या सुट्टीत इंग्रजीच्या बाईंकडून किल्ली मागून तो काढला. त्यात ड्रमस्टिकचे दोनच अर्थ दिले होते. एक, ढोल वाजवायची काठी. दुसरा, शिजवलेल्या कोंबडीच्या पायाचा खालचा भाग. मी ते वाक्य बोटानं दाबून धरलं. मला वाटलं, माझे अब्बा खरे आहेत आणि ते विलायतेत छापलेलं आहे. मी बाईंना दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून वाचलं आणि म्हणाल्या, “कोश तिकडचा आहे. इकडे आपल्या लोकांत ड्रमस्टिक म्हणजे शेवग्याची शेंग. मद्रासकडे तर सर्रास तेच म्हणतात. तुझ्या वडिलांना सांग, माहीत नसेल तर विचारावं माणसानं.” आणि त्यांनी कपाटाला कुलूप लावलं. अब्बांनी विचारलं होतं, हे मी त्यांना सांगितलं नाही.

शेवगा. आमच्या आळीच्या तोंडाशीच शेवग्याचं झाड होतं, अम्मा त्याच्या शेंगा डाळीत टाकायची. अब्बांनी त्या हजारदा खाल्ल्या असतील. पण त्या साहेबांच्या टेबलावर कधी गेल्या नव्हत्या, म्हणून अब्बांच्या लेखी त्यांना इंग्रजी नावच नव्हतं. घरी येऊन मी हे अम्माला सांगितलं. भाकरी थापणं थांबलं. तिनं परात तशीच ठेवली, हात धुतले, झाडाखाली जाऊन बांबूनं एक शेंग पाडली आणि डोक्यावर पदर घेऊन मला म्हणाली, चल. अब्बा पाठीमागून म्हणाले, नको. ती थांबली नाही.

कॅम्पात आम्हाला बघून मजुरांनी कामं थांबवली. कुणीतरी हसलं. अय्यर साहेब आपल्या शेडच्या बाहेर लोखंडी खुर्चीवर बसले होते. प्रायश्चित्त म्हणून मुंडण केलेलं, ओठ सुकलेले. आम्हाला पाहून ते उठले आणि आत जायला लागले. अम्मानं मला पुढे ढकललं. माझी आणि इंग्रजीची गाठ तोवर परीक्षेच्या कागदावरच पडलेली होती, तोंडानं मी ती भाषा कुणाशी बोललेच नव्हते. मी शेंग वर धरली. तुमच्या घरी हे ड्रमस्टिक, मी म्हणाले. गोऱ्या साहेबाच्या घरी कोंबडीचा पाय ड्रमस्टिक. माझे वडील गोऱ्या साहेबाच्या घरी शिकले. तुमच्या घरी शिकले नाहीत. क्रियापदं सगळी चुकली असतील. ते दारात उभे राहिले. त्यांनी माझ्या हातातली शेंग घेतली आणि बोटांत फिरवून पाहिली. मग विचारलं, वडिलांना माझा निरोप कुणी दिला? मी सांगितलं. भांडं टेबलापर्यंत कुणी आणलं, ते त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. दोन्ही कामं एकाच माणसाची, हे त्यांच्या चेहऱ्यावर उमटताना मी पाहिलं. ते म्हणाले, उद्या सकाळी वडिलांना घेऊन या.

त्या संध्याकाळी आमच्या घरात जवळजवळ ईद होती. अम्मानं डाळीला तूप घातलं. हसनचाचा आला, जेवला, पण बोलला कमी. जाताना तो आणि अब्बा दाराबाहेर उभे राहून काहीतरी बोलले. मी त्याकडे लक्ष दिलं नाही. उद्या अब्बा मॅनेजरसमोर काय म्हणतील याची वाक्यं मी मनात जुळवत होते.

सकाळी मेसमध्ये अय्यर साहेब, दुसरे दोन इंजिनियर आणि मॅनेजर. आम्ही तिघं दाराशी उभे. अय्यर साहेबांनी मोडक्यातोडक्या हिंदीत मॅनेजरला विचारलं की तू खानसाम्याला काय सांगितलंस. मॅनेजर जराही डगमगला नाही. म्हणाला, शेवग्याच्या शेंगा असं साफ मराठीत सांगितलं होतं. अय्यर साहेब अब्बांकडे वळले आणि त्यांनी विचारलं, हे खरं का?

अब्बांनी मान खाली घातली. “म्हणाले असतील साहेब,” ते म्हणाले. “चूक माझीच झाली.”

अम्माच्या तोंडून एक आवाज निघाला, शब्द नव्हता तो. मी अब्बांचा सदरा ओढला. त्यांनी माझा हात सोडवला, अगदी हळू, भांडं खाली ठेवावं तसा. अय्यर साहेबांनी मॅनेजरकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं, मी शपथेवर सांगते, त्यांना सगळं कळलं होतं. पण ज्याच्यावर अन्याय झाला तोच नाही म्हणतो, तर त्यांनी कशाला भांडावं? पुलाचं काम व्हायचं होतं, मजूर मॅनेजरच्या हातात होते. ते उठले. जाताना मला इंग्रजीत म्हणाले, तू चांगलं बोललीस. त्या शाबासकीसाठी मी त्यांचा अजून द्वेष करते. मॅनेजरचा करते तेवढा नाही, पण करते.

अब्बांना काढून टाकलं. दौंडात त्यांना दुसरं काम कुणी देईना. ज्या चुलीजवळ ते उभे राहतील तिथलं अन्न कुणी खाणार नव्हतं. आम्ही सामान बांधून कोरेगाव भीमाला आलो. तिथे सडकेवर अम्माच्या मावसभावानं टायरचं दुकान टाकलं होतं, त्याच्या शेजारी छपर घालून आम्ही खाणावळ काढली. ट्रकवाले, गाडीवान, नदीपलीकडचे शेतकरी जेवायला यायचे. भाकरी, पिठलं, बटाट्याची सुकी भाजी, शुक्रवारी मटण. अब्बा चुलीजवळ आणि अम्मा वाढायला. माझी शाळा त्या वर्षी बुडाली, पुढे शिरूरला मामाकडे राहून मी ती पुरी केली. पण खाणावळीचे पहिले महिने मी तिथेच होते, आणि त्या महिन्यांत अम्मा अब्बांशी एक शब्द बोलली नाही. तुझ्या बापाला सांग, मीठ संपलंय. तुझ्या बापाला विचार, पिठलं झालं का. दोघं हातभर अंतरावर उभे असायचे आणि मधून मी निरोप वाहायचे.

एकदा भांडी घासताना मी अब्बांना विचारलं, तुम्ही खोटं का बोललात. त्यांनी मूठभर राख घेऊन पातेलं पुन्हा घासायला घेतलं.

“मी एक दिवस खरा ठरलो असतो,” ते म्हणाले. “तो दुसऱ्या दिवशीबी मॅनेजरच राहिला असता. हसनचं काम त्याच्या हातात होतं. पोटुशी बायको होती हसनची.”

मला ते पटलं नाही. आणि ते कामाचंही ठरलं नाही, कारण पुढचा पगार व्हायच्या आतच मॅनेजरनं हसनचाचालाही हाकललं. मेहुणा मेसवर आला तो आलाच. चाचा कोरेगावला येऊन हे सांगून गेला तेव्हा अम्मा हसली. तिचं तसलं हसणं मी पुन्हा कधी ऐकलं नाही. लोक म्हणतात, अब्बांनी भावासाठी केवढा त्याग केला. माझी मुलंही आजोबांची ही गोष्ट अशीच सांगतात. मी सांगत नाही. जो माणूस आपल्याला मारतो त्याला खरं ठरवून जगात कुणाचंच भलं होत नाही, हे मला चौदाव्या वर्षी कळलं होतं आणि अब्बांना चाळिशीत कळत नव्हतं.

पूल झाला असावा, कारण पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी ट्रकमध्ये सामान लादून काही मजूर शिरूरमार्गे पुण्याकडे चालले होते ते आमच्याकडे जेवायला उतरले. ड्रायव्हरशेजारून शेवटी मॅनेजर उतरला. त्यानं आधी आम्हाला ओळखलं नाही. सदऱ्याच्या गुंड्या सोडत तो पंगतीत मांडी घालून बसला. मग चुलीपाशी अब्बा दिसले. तो जरासा चपापला आणि मग, जुनी ओळख निघाल्यासारखा हसून म्हणाला, अरे, तू इथे होय? बरं आहे की.

अब्बा उठले. त्यांनी ताट घेतलं. अम्मानं ते त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि पालथं ठेवलं. मग ती वाढत निघाली. या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रत्येक मजुराला भाकरी, पिठलं, कांदा. मॅनेजर आला की त्याला ओलांडून पुढे. परत येताना पुन्हा तसंच. मजूर आधी हसले, मग खाली बघून जेवायला लागले. कुणी उठलं नाही. त्यानं दोनदा घसा खाकरला आणि म्हणाला, बाई, मी पैसे देणार आहे.

“व्हय,” अम्मा म्हणाली. “पर तुमच्यासाठी हितं काय न्हाई. पानी पिऊन उठा.”

तो पाणी न पिताच उठला आणि ट्रकमध्ये जाऊन बसला. उन्हात, काचा वर करून. मजूर सावकाश जेवले, नेहमीपेक्षा सावकाश.

ट्रक गेल्यावर अब्बा तिच्याशी सरळ बोलले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मी मध्ये नव्हते. ते म्हणाले, भुकेल्याला परत पाठवू नये, कुणी असला तरी. हे घरात शोभत नाही. मॅनेजरच्या वाटच्या भाकऱ्या टोपलीत उरल्या होत्या. अम्मानं त्या घेतल्या, सडकेवर टायरच्या सावलीत पडलेल्या कुत्र्याला हाक मारली, आणि अब्बांच्या देखत एकेक तुकडा मोडून त्याला घातला.